पाण्यातून काढलेले देव

देवाला सगळ्यात जास्त त्रास कुणाचा होत असेल तर तो सजावट करणाऱ्यांचा. हे मी सजावट करूनच पोट भरलेला माणूस सांगतोय. चिकपेटेच्या एका बोळात माझं दुकान होतं. देवांच्या तसबिरी मढवायच्या, देवघरं बनवून घ्यायची आणि लोकांच्या घरी जाऊन ती मांडून द्यायची, हा माझा धंदा. कानडीत देवघराला 'देवर मने' म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकं मला 'देवरमने राव' म्हणायची. खरं नाव पोस्टमनलाही धड ठाऊक नव्हतं.

यंदा आपल्या मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "राव, घरातली एक जागा शांत, प्रसन्न, पवित्र कशी करायची ते लिहून द्या ना. आजकाल लोकांना हे फार हवं असतं." मी म्हटलं, सरी, म्हणजे ठीक आहे, लिहितो, त्यात काय! उंची किती, तोंड कुठे, दिवा कुठे, चार ओळींत संपेल. लिहायला बसलो आणि हात अडला. आयुष्यात मी शेकडो देवघरं मांडली, पण डोळ्यापुढे एकच येऊन उभं राहिलं. ते मी आजवर बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. आता वय झालं. सांगून टाकतो.

आधी धंद्याचं थोडं. आम्ही इथलेच, या कानडी मुलखातले, पाच पिढ्यांचे. आमचं मराठी ऐकून पुण्याची मंडळी तोंडावर पदर धरून हसतात, हसू देत. सुतारकाम माझ्याकडे नंजुंडाचारी करायचा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, बोलायला स्वल्प, हाताला सोनं. इकडे सुताराला 'आचारी' म्हणतात. पुण्याहून नव्याच आलेल्या एका बाईंना मी म्हणालो, "उद्या आचाऱ्याला घेऊन येतो," तर त्यांनी मलाच फैलावर घेतलं, "अहो, आम्ही घरात माणसं चार, आचारी कशाला? मला काय हात नाहीत?" नंजुंडाचारीला हे कानडीत सांगितलं तेव्हा तो आयुष्यात दुसऱ्यांदा हसला. पहिल्यांदा कधी हसला होता ते मला माहीत नाही.

कुणाच्या घरी गेलो की मी आधी टेप काढायचो नाही. अर्धा तास नुसता बसायचो. नळ कुठला ठिबकतो, शेजारचा रेडिओ कुठल्या भिंतीतून येतो, मोरीचा वास कुठवर पोचतो, घरातली बाई दमली की कुठं टेकते. ती टेकते ना, तीच देवाची जागा. मग पंचांग काहीही म्हणो. माणूस पाटावर बसला की देव त्याच्या छातीच्या उंचीला आले पाहिजेत. मान वर करून बघावं लागलं तर दहा मिनिटांत माणूस उठतो. बिजागरी कुरकुरता कामा नये. समईच्या वर पत्रा ठोकायचा, नाहीतर सहा महिन्यांत सगळं काळंकुट्ट. आणि काड्यापेटीला एक कोनाडा! पूजेला बसलेलं माणूस तीनदा उठतं ते काड्यापेटीसाठी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्धी भिंत मोकळी सोडायची. पण मोकळी भिंत बघवेल ते गिऱ्हाईक कसलं! महिन्याभरात तिथं नऊ कॅलेंडरं आणि एक घड्याळ लटकलेलं असायचं.

तर सजावटीच्या हौसेचा एक नमुना सांगतो, म्हणजे मी सुरुवातीला जे म्हटलं ते पटेल. मल्लेश्वरमला एक रेशमाचे व्यापारी होते. मोठं घर, मोठं मन, आणि हौस त्याहून मोठी. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी फिरतं चक्र आणि लुकलुकते दिवे बघितले, आणि तसंच देवाच्या मागे हवं म्हणून हटून बसले. मी परोपरीनं सांगितलं, अण्णा, देवाच्या मागे शांत उजेड पुरे. ऐकतायत कशाला! शेवटी पितळी प्रभावळीला लाल-हिरवे दिवे लावून दिले, एका वायरमनकडून तारा ओढून घेतल्या, आणि देवाला मनात हात जोडून घरी आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडून निरोप आला, लगेच या. गेलो, आणि बघतो तर काय! दारापासून देवघरापर्यंत रांग. पंधरा-वीस माणसं, सगळी सोवळ्यात, अंगावर ओले कपडे! एकेक जण पुढं जायचा, प्रभावळीला बोट लावायचा, "हा!" करून मागं उडायचा आणि डोळ्यांत पाणी आणून नमस्कार घालायचा. सकाळी भटजींनी अभिषेकाचं पाणी घातलं, ते तारेत शिरलं, पितळेत वीज उतरली आणि भटजी उडाले. त्यावर घरच्या म्हाताऱ्या आजी टाळ्या पिटत ओरडल्या, "देवरु बंदरु! देवरु बंदरु!" देव आला म्हणे! आणि सगळ्या आळीला आवतण गेलं.

माझी बोबडी वळली. ओल्या अंगानं वीस माणसं! तसाच धावत गेलो आणि फ्यूज उपटला. दिवे विझले. पुढच्या माणसानं बोट लावलं, काही झालं नाही. पुन्हा लावलं. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आजी काठी टेकत माझ्यापुढं आल्या आणि म्हणाल्या, "देवाला घालवणारा तू कोण रे?" अहो, मी त्यांचा जीव वाचवला होता! पण त्या घरचा चहा मला पुढं कधी मिळाला नाही. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, की कुणाच्या देवाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. खडा लावला म्हणतोय खरा, पण तो टिकला नाही.

आता आपट्यांचं.

चीनची लढाई झाली त्या हिवाळ्यातली गोष्ट. आपटेसाहेब शहराच्या पूर्वेला एका मोठ्या कारखान्यात इंजिनियर होते, कारखान्याच्याच वसाहतीत राहायचे. मूळचे पुण्याचे. उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. एका संध्याकाळी दुकानात आले आणि तसबिरींकडे न बघता स्टुलावर बसले.

"राव, मी देवभोळा नाही, आधीच सांगतो," ते म्हणाले. "पण आमच्या हिला घरात बसायला जागा उरलेली नाही."

"म्हणजे? क्वार्टर लहान आहे का साहेब?"

"चार खोल्या आहेत हो. पण ती बसत नाही. दारातून खिडकीशी, खिडकीतून दाराशी. पोस्टमनची सायकल दिसली की फाटकापर्यंत धावते." मग म्हणाले, "आमचा शरद आघाडीवर होता. एकुलता एक. बेपत्ता म्हणून तार आली आहे."

बावीस वर्षांचा मुलगा. अशा तारा त्या दिवसांत किती घरांत आल्या, पण तार आलेला बाप माझ्यासमोर पहिल्यांदाच बसला होता.

"देव स्वयंपाकघरातल्या फडताळात असतात, डब्यांच्या शेजारी," साहेब सांगत होते. "पूजा तीच करते. तिला घटकाभर टेकता येईल अशी एक जागा करून द्या. बाकी तुमचं तुम्ही बघा."

"काकूंना विचारलंत?"

"विचारलं. 'आत्ता नको' म्हणाली. पण एकदा डोळ्यासमोर आलं की बसेल. तिला कळू न देता करू."

इथं मी अडायला हवं होतं. घरची बाई 'नको' म्हणते ते देवघर करायचंच नसतं, हे धंद्यातलं पहिलं शहाणपण. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवलं नाही. मी फक्त नेहमीचं सांगितलं, "साहेब, आम्ही यायच्या आदल्या दिवशी सगळे देव चिंचेच्या पाण्यात टाकून ठेवायला सांगा. म्हणजे मी घासून लख्ख करून मांडतो." हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. साहेब "हो, हो" म्हणाले. आता ज्या बाईला काही कळूच द्यायचं नाही, तिला ते चिंचेचं सांगणार कसं? पण हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

काकू घरी नसताना एकदा मी जागा बघून आलो. खिडकीकडे पाठ होईल आणि फाटक दिसणार नाही, अशी भिंत निवडली. नंजुंडाचारीनं शिसवीचं लहानसं देवघर केलं, नक्षी नाही, कळस नाही, मधे एक फळी, आणि कडा हातानं गोल केलेल्या. माझ्या मते त्यानं केलेलं ते सगळ्यात देखणं काम होतं.

दिवस ठरला तो असा. शरदच्या तुकडीतला एक जखमी शिपाई इथल्या लष्करी इस्पितळात आला होता. त्याला शरदबद्दल काही ठाऊक असेल म्हणून साहेब काकूंना घेऊन त्याला भेटायला जाणार होते. घराची किल्ली समोरच्या जयक्कांकडे. आम्ही दोघं देवघर जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात, मांडीवर धरून घेऊन गेलो. जयक्कांनी कुलूप उघडून दिलं आणि "माझं दूध उतू जाईल" म्हणत परत गेल्या.

देवघर भिंतीशी लावलं. मग मी देव आणायला स्वयंपाकघरात गेलो. फडताळ रिकामं. खाली जमिनीवर एक तांब्याचं घंगाळ होतं, वर ताट झाकलेलं. ताट उचललं. पाण्याच्या तळाशी सगळे देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, पिंड आणि कुलदेवीचे दोन चांदीचे टाक. वर तुळशीचं एक पान तरंगत होतं.

माझ्या मागून नंजुंडाचारी वाकून बघत होता. तो म्हणाला, "हुणसेहण्णु एल्ली, रावरे?" चिंच कुठाय?

चिंच नव्हतीच हो! पाणी नितळ. देव स्वच्छ. त्या सुताराला दिसलं ते मला दिसलं नाही. मी काय म्हणालो? "बाईंनी आधीच घासून साध्या पाण्यात ठेवले असतील. सरी, आपलं काम वाचलं."

तुम्ही कधीच ओळखलं असेल. माझ्या आईच्या तोंडी ते रोज असायचं. निवडणुकीला कुणी उभा राहिला, परीक्षेचा निकाल लागायचा असला, की ती म्हणायची, "बसलेत देव पाण्यात घालून!" म्हण म्हणून मला ती पाठ होती, आणि प्रत्यक्ष समोर आलं तेव्हा ओळखता आलं नाही. घरातलं माणूस जिवावरच्या संकटात असलं की बाई देव पाण्यात ठेवते. आम्ही जसे बुडालो तसे तुम्हीही राहा, आणि तो सुखरूप आला की मगच वर काढीन, असं ते असतं. त्याच्या आधी कुणी हात लावायचा नसतो.

मी हात लावला. एकेक देव काढला, नव्या पंच्यानं पुसला. घंगाळातलं पाणी परसात पेरूच्या झाडाला घातलं. तांबड्या मखमलीवर देव मांडले, गंध लावलं, पिवळी शेवंती वाहिली. समईत तेल-वात घालून ठेवली, दिवा तेवढा घरच्या बाईनं लावायचा म्हणून लावला नाही. मग दोन पावलं मागं सरून बघितलं आणि, खोटं कशाला बोलू, स्वतःवरच खूष झालो. ती खोली खरोखर शांत झाली होती.

चारच्या सुमाराला फाटक वाजलं. काकू पुढं, साहेब मागं. काकूंना मी पहिल्यांदाच बघत होतो. लहानखुऱ्या, काठाचं सुती लुगडं, चेहरा पार उतरलेला. नंतर कळलं, त्या शिपायानं काहीच बघितलं नव्हतं. धुकं होतं, पळापळ झाली, एवढंच तो सांगत राहिला.

दारात मला बघून त्या थबकल्या. मग त्यांची नजर माझ्या मागं गेली. देवांवर. कोरड्या, फुलं वाहिलेल्या देवांवर.

"आलं?" त्या म्हणाल्या.

मला कळेना. मला वाटलं देवघराबद्दल म्हणतायत. मी हसून म्हणालो, "हो काकू, आत्ताच आलं."

देवा रे! कुठल्या तोंडानं मी ते बोललो!

हातातली पिशवी त्यांनी तिथंच टाकली. "आलं? पत्र आलं? अहो, आलं हो! शरदचं आलं!" हसत होत्या, रडत होत्या, साहेबांच्या कोटाला धरून हलवत होत्या. "कुठं आहे? कधी येतोय? बरा आहे ना? आम्ही तिकडं त्या पोराला विचारत बसलो, आणि इकडं घरी..." मग माझ्याकडे धावल्या आणि माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही आणलंत का पत्र? कोण हो तुम्ही? तुमच्या तोंडात साखर पडो!" आणि नुसतं म्हणाल्या नाहीत. आत पळाल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या, आणि काय होतंय ते कळायच्या आत चिमूटभर साखर माझ्या तोंडात घातली. दुसरी नंजुंडाचारीच्या. तिसरी घेऊन साहेबांकडे वळल्या.

साहेबांनाही काही कळलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत, अहो, त्यांच्याही डोळ्यांत आशा आली होती! त्यांना वाटलं खरंच आम्ही आल्यावर काहीतरी आलं असेल.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चिंच नव्हती. तुळशीचं पान होतं. साखर तोंडात विरघळत होती, ती थुंकता येईना, गिळता येईना.

"काकू," मी म्हणालो, "पत्र नाही आलं."

"मग तार?"

"काहीच नाही आलं. देव मीच काढले. चिंचेच्या पाण्यातले समजून काढले. मला माहीत नव्हतं काकू. मला खरंच माहीत नव्हतं."

त्या बाईंचा चेहरा मला सांगता येणार नाही. आत्ता लिहितानाही पेन खाली ठेवून पाणी पिऊन आलो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या ओठाला साखर लागली होती. त्या म्हणाल्या, "पुसा ते."

मी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

त्यांनी आरडाओरडा केला असता, मला झाडूनं मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या गेल्या, रिकामं घंगाळ घेतलं, नळाखाली भरलं आणि देवघरासमोर आणून ठेवलं. शेवंतीची फुलं बाजूला केली. एकेक देव उचलला, बोटानं गंध पुसलं आणि पाण्यात सोडला.

"सुमती, हे कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"तार आली त्या दिवसापासून."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही हसला असता."

साहेब हसले नाहीत. ते खाली बसले. शेवटचा बाळकृष्ण राहिला होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं उचलला आणि पाण्यात ठेवला. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर देवाला लावलेला तो त्यांचा पहिला हात असावा, कारण धरायचा कसा तेही त्यांना कळत नव्हतं.

मी म्हणालो, "देवघर घेऊन जातो." काकू म्हणाल्या, "राहू दे. घंगाळ आत ठेवा." ते आत मावेना. मधली फळी आड येत होती. मग नंजुंडाचारीनं पिशवीतून करवत काढली आणि स्वतः तीन आठवडे घासून गोल केलेली ती फळी कापून काढली. कापताना तो रडत होता. भुसा त्यानं उपरण्यात गोळा केला. घंगाळ आत ठेवलं, आणि काकू त्याच्यासमोर खिडकीकडे पाठ करून बसल्या. आम्ही पाय न वाजवता बाहेर पडलो.

उन्हाळ्याच्या तोंडाला कैदी सुटून आले. याद्या आल्या. शरद कुठल्याच यादीत नव्हता. पुढं सरकारचा कागद आला, 'मृत समजण्यात येत आहे'. जयक्का एकदा चिकपेटेत भेटल्या तेव्हा कळलं, काकूंनी तो कागद वाचून घडी घातली आणि म्हणाल्या, "समजतायत ना? समजू देत त्यांना." देव पाण्यातच होते. रोज सकाळी त्या पाणी बदलत.

आणि मी? मी त्या वाटेला जायचं सोडलं. पूर्वेकडची कामं आली की दुसऱ्याचं नाव सांगायचो. रात्रंदिवस एकच डोक्यात, माझ्या हातून तर नाही? ते देव चार तास बाहेर होते, त्या चार तासांत तर नाही? बायको म्हणायची, "वेडे आहात का? पोरगा बिचारा त्याआधीच गेला असेल." असेलही. पण हे तिनं सांगून मनाला पटत नव्हतं.

सहाएक वर्षांनी आपटेसाहेब पुन्हा दुकानात आले. केस पांढरे, पाठीत थोडे वाकलेले. त्याच स्टुलावर बसले. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या. साहेब निवृत्त होऊन पुण्याला भावाकडे निघाले होते.

"राव, काम आहे. पाणी न सांडता देव पुण्याला न्यायचेत. गाडीत हिंदकळून एकही देव उघडा पडता कामा नये."

मी थक्क झालो. "साहेब, अजून पाण्यातच?"

"पाणी रोज मी बदलतो."

"पण काकू गेल्या. कागदही आला. आता काढायला..."

"तुम्ही काढता?" ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते.

मी मान खाली घातली.

"माझ्याच्यानंही होत नाही," ते म्हणाले. "काढले म्हणजे आपणच म्हटल्यासारखं होईल, की तो आता येत नाही. मी देव मानत नाही हो राव, अजूनही नाही. पण हे मला म्हणवत नाही."

मी चिकपेटेतल्या तांबटाकडून फिरवून बसणाऱ्या, आट्यांच्या झाकणाचा पितळी डबा करून घेतला, आतून कल्हई, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं कडं. नंजुंडाचारीनं त्याला मऊ फलानीनचं अस्तर लावलेली लाकडी पेटी केली. देवांच्या वजनाचे गोटे आणि काठोकाठ पाणी घालून मी तो डबा मांडीवर घेऊन बसमधून मल्लेश्वरमपर्यंत जाऊन आलो. येताना उभ्यानं आलो, मुद्दाम. एक थेंब सांडला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी क्वार्टरवर डबा घेऊन गेलो. घर रिकामं, सामान आधीच गेलेलं. साहेबांनी मोठी बादली भरून घेतली होती. तिच्यात त्यांनी घंगाळही बुडवलं आणि डबाही, आणि पाण्याच्या आतल्या आत एकेक देव इकडून तिकडे नेला. एकालाही वारा लागू दिला नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

झाकण लावून झाल्यावर मी म्हणालो, "साहेब, एक माफी मागायची राहिली आहे. सहा वर्षं झाली, माझी झोप..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" ते म्हणाले. "ती शेवटच्या दुखण्यात सारखी तेच बोलायची. म्हणायची, लोकांची मुलं लढाईवरून आली, तसा आपला शरदही आला होता. एकदाच. रावांनी देव काढले त्या दिवशी. दोन मिनिटं होता, पण आला होता. म्हणायची, त्या माणसाला मी 'पुसा' म्हणाले, ते म्हणायला नको होतं. तेवढं त्यांना सांगा."

सहा वर्षं मी ज्या दोन मिनिटांसाठी स्वतःला शिव्या घालत होतो, तीच दोन मिनिटं ती माउली जपून ठेवून बसली होती! मी खाली बसलो आणि त्या रिकाम्या घरात लहान पोरासारखा रडलो.

जयक्कांनी बाहेरून हाक मारली, टांगा आला होता. साहेबांनी पेटी छातीशी धरली. झाकण मला स्वल्प सैल वाटलं, म्हणून मी डोळे पुसले आणि ते पुन्हा एकदा घट्ट करून दिलं.